कुंदनचा कडता

आकांक्षानं कुंदनच्या वाढीचा तक्ता फ्रिजवर लावला, तेव्हा पार्बताबाईंनी तो कॅलेंडर समजून त्यात आधी चतुर्थी शोधली. नातवाच्या वजनाचा कागद आहे हे कळल्यावर त्या सुनेला म्हणाल्या, "पोराचं वजन असं चव्हाट्यावर टांगतेत का वं बाई? नजर लागते."

"आई, ही रेघ वर जात राहिली की समजायचं, पोरगं बरोबर वाढून राहिलं."

सहा महिने रेघ शहाण्यासारखी वर गेली. मग थंडी पडली. वजनासाठी तान्ह्या पोराला अकोटहून अकोल्याला एसटीनं न्यायचं आकांक्षाच्या जिवावर येऊ लागलं. तिचे सासरे केशवराव भाजीचे ठोक व्यापारी होते. ते म्हणाले, "घरचा काटा असून अकोल्याले काहून जा लागते?"

आकांक्षा अकोल्याच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची आणि सध्या बाळंतपणाच्या रजेवर होती. तिनं बाजारात जाऊन काटा तपासला. वजनं मध्ये ठेवून पाहिली, कोपऱ्यात ठेवून पाहिली. काट्यात दोष नव्हता. त्या दिवसापासून केशवराव दर सोमवारी नातवाला आपल्या गाळ्यावर नेऊ लागले आणि वजन फोनवर कळवू लागले.

पहिल्याच महिन्यात रेघ आडवी झाली. दुसऱ्या महिन्यात खाली झुकली.

घर हादरलं. पोराला थंडी बाधली असं ठरवून पार्बताबाईंनी त्याच्या अंगावर दुसरा स्वेटर चढवला. सोमवारी वजन आणखी कमी भरलं. मग तिसरा स्वेटर, कानटोपी आणि लोकरी मोजे आले. राजगिऱ्याची खीर, तुपातला शिरा, मुगाची खिचडी असा रतीब सुरू झाला. कुंदन सगळं आवडीनं खाई, दिवसभर लंगोट ओले करी, आणि सोमवारी पुन्हा कमी भरे.

दिवाळीतलं झबलं त्याच्या पोटावर बसेना. पार्बताबाई म्हणाल्या, "कापड आटलं." सुती कापड आटतं, हे आकांक्षालाही पटलं. कुंदनला कडेवर घेऊन घेऊन पार्बताबाईंची कंबर धरली. तो दोष थंडीला देण्यात आला.

"मले तर हा जड लागून राहिला," आकांक्षाचा नवरा नितेश एकदा भीत भीत म्हणाला.

"तुला लागते ते मोजमाप नसते," आकांक्षानं त्याला गप्प केलं.

पुढच्या सोमवारी तिची रजा संपत होती. बारावीची प्रात्यक्षिकं तोंडावर आली होती आणि प्रयोगशाळा तिच्या स्वप्नात येत होती. पण पोर वाळत असताना घराबाहेर पडायचं कसं? रजा वाढवली तर जागेवर दुसरं कोणी येणार, हे प्राचार्यांनी आधीच सांगितलं होतं. तरी तिनं रजेचा अर्ज लिहिला. पाठवण्याआधी एकदा डॉक्टरांना दाखवू, एवढंच नितेशनं कबूल करून घेतलं.

अकोल्याला सगळेच गेले. डॉक्टरबाईंनी एकेक स्वेटर उतरवला. आतून वळ्यावळ्यांचा कुंदन निघाला. त्याला वजनावर ठेवून त्यांनी आकडा पाहिला, तक्ता पाहिला आणि विचारलं, "हा कागद याचाच आहे ना?"

"हो. का?"

"कारण हा तर मस्त भरलाय."

केशवराव पुढे सरसावले. "बाई, राग नका मानू, पण तुमचा काटा चुकून राहिला. माह्या काट्यावर पोट्टं सव्वा किलो कमी भरते."

"बाबा!" नितेश खालच्या आवाजात म्हणाला.

"तुम्ही वजन कसं करता?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"जसं मालाचं करतो तसंच. कॅरेटमंदी ठेवतो. मंग कॅरेटचं वजन वजा. कपड्याचं वजा. ओलीचं वजा. आन् मंग कडता."

"कडता?"

"ठोकात माल घेतला का वजनातून थोडं कापा लागते. माती असते, पिवळा पाला असते. त्याचे पैसे कोण देते?"

आकांक्षानं तक्त्यावरची झुकलेली रेघ पाहिली. तिनं काटा तपासला होता. सासरे तपासले नव्हते.

"बाबा," ती म्हणाली, "कुंदनला माती कुठं असते?"

"रांगते ना आता! पायाले असते."

"आणि स्वेटरचं किती कापत होते?"

"एका स्वेटरचे पावशेर धरत होतो. लोकर ओल धरते."

पार्बताबाईंनी कंबरेवर हात ठेवला. "अवो, कोणाच्या जल्माची कमाई करून राहिले होते तुमी? पोराच्या घोरानं माह्या सुनेच्या तोंडचं पाणी पळालं, अन् तुमी नातवाचा पाला निवडत बसले!"

"सवय हाये माही," केशवराव पुटपुटले. डॉक्टरबाई उगाच खिडकीबाहेर पाहू लागल्या.

परतीच्या एसटीत आकांक्षानं अर्जाचे चार तुकडे केले. मग केशवरावांकडे वळली. "बाबा, आता वचन द्या. काट्यावर जे दिसेल ते सांगायचं. काही वजा करायचं नाही."

"नाही करत बेटा."

"कॅरेट ठेवून काटा शून्यावर आणायचा. पोराला उघडं ठेवायचं. काही म्हणजे काही वजा करायचं नाही."

"सांगतलं ना, नाही करत!"

सोमवारी आकांक्षा कॉलेजात रुजू झाली. संध्याकाळी तिची एसटी अकोटात शिरत असताना केशवरावांनी फोनवर वजन कळवलं, आणि तिनं ते दोनदा विचारून घेतलं. चार दिवसांत पोरगं इतकं वाढणं शक्यच नव्हतं. एसटीतून उतरून ती थेट गाळ्यावर गेली.

गाळ्यावर शेगडी पेटली होती. कॅरेटमध्ये कुंदन उघडाबंब बसला होता. एका हातात त्यानं मुळा धरला होता, आणि मांडीवर सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, भलीमोठी जुडी होती.

"बाबा, हे काय?"

"वरून देल्लं," केशवराव म्हणाले. "घेतल्या मालाले कडता लागते. घरच्या गिऱ्हाइकाले वरून थोडा सांबार द्या लागते. इतके दिवस त्याचं कापलं ना मी."

"पण याचं वजन वजा—"

केशवरावांनी भुवया उंचावल्या. आकांक्षा थांबली. मुळ्याचं टोक तोंडात घालून कुंदन तिच्याकडे पाहून हसला, आणि त्याचा नुकताच फुटलेला दात दिसला.

घरी आल्यावर तिनं पेन काढलं आणि तक्त्यावर ठिपका दिला. कोथिंबिरीसकट.