लांबकान्यांच्या दारातला शब्द

एका जंगलात ससे फार शहाणे झाले. वाघ आला तर एक वेळ निभावतं, बाळांनो. शहाणपण आलं की संपलंच.

हे शहाणपण आणलं कावळ्यानं. शहराच्या उकिरड्यावरून तो इंग्रजी पेपराचा एक तुकडा उचलून आला. त्यात एक खेळ होता. दोन-तीन अक्षरं दिलेली असायची. ती ज्यात असतील असा लांबच लांब इंग्रजी शब्द शोधून काढायचा.

"शोधून काय होतं?" एका सशानं विचारलं.

"हुशार होता येतं."

"आणि त्याचा अर्थ?"

"अर्थ अडाण्यांना लागतो," कावळा म्हणाला.

झालं! त्या दिवसापासून सशांनी कंद उकरायचं सोडलं आणि शब्द उकरायला घेतले. बिळाबिळातून घोकंपट्टी सुरू झाली. पोरांच्या पोटात काही नाही, तोंडात मात्र हातभर शब्द.

त्यात लांबकान्यांचं घर सगळ्यांच्या पुढं. त्यांचे कान लांब, मिशा लांब, आणि नाक कायम वर. घरची मालकीण भागाबाई. तिनं जाहीर केलं, "आमच्या घरात येणारी सून उखाणा घेऊन येणार नाही. उखाणे काय, मोलकरणीसुद्धा घेतात. आमच्या दारात लांब इंग्रजी शब्द म्हणायचा. त्यात एक्स पाहिजे आणि झेडही पाहिजे. मगच आत पाऊल."

"हीच अक्षरं का गं, आई?" तिच्या लेकीनं, चवरीनं विचारलं.

"कारण ती लवकर सापडत नाहीत. लवकर सापडलं तर सुनेला घाम कसा फुटायचा?"

आता त्या बिळाच्या पलीकडं, दगडाच्या कपारीत, एक अजगर राहायचा. हलायचा नाही, बोलायचा नाही. दिवसभर पडून सशांची घोकंपट्टी ऐकायचा. सापाला कान नसतात म्हणतात. नसतील. पण जेवणाचं बोलणं ज्याला त्याला बरोबर ऐकू येतं.

तर भागाबाईच्या मुलाचं, टुणकरावाचं लग्न ठरलं. मुलगी माळावरची, दवणी नावाची. अंगानं चपळ, पण शब्दांनी गरीब. लग्न लागलं. दिवस कलता वरात बिळापाशी आली. वऱ्हाडी पंगतीच्या वासानं आधीच आत घुसले. बाहेर राहिले तिघं: नवरानवरी आणि दवणीची पाठराखीण म्हणून आलेली तिची आत्या.

चवरीनं दार अडवलं. दवणीनं मान खाली घातली आणि माळावर शिकलेला उखाणा घेतला.

"दवानं भिजली हरळी, माळावर आलं ऊन,
टुणकरावांचं नाव घेते लांबकान्यांची सून."

आत हशा पिकला.

"हरळी!" भागाबाई म्हणाली. "अगं, हरळी आम्ही खातो, म्हणत नाही. शब्द सांग. एक्स आणि झेडचा."

टुणकराव तिच्या कानाशी लागला. "आठव की गं एखादा. लाज जाते माझी."

"तुम्हाला येतो का, जावईबापू?" आत्यानं विचारलं.

"मला कशाला यायला पाहिजे? मी मुलाकडचा!"

"खरंच की," आत्या म्हणाली. "मुलाकडच्यांना नुसते कान असले तरी भागतं."

ऊन गेलं. कपारीकडचं गवत सळसळलं. वारा तर नव्हता. दवणीचे कान उभे राहिले.

"सासूबाई, आत घ्या हो. गवत हलतंय."

"'गवत हलतंय' यात एक्स आहे का?"

"नाही, पण..."

"झेड आहे का?"

"सासूबाई, काहीतरी येतंय!"

"येऊ दे. तुला शब्द येत नाही तोवर तू तिथंच."

आत्यानं दवणीचा पाय ओढला. "चल पोरी. ज्या घरात जीव मागायला परीक्षा द्यावी लागते, तिथं नांदून काय करशील? चला जावईबापू, तुम्हीपण माळावर."

टुणकरावानं गवताकडं बघितलं, दवणीकडं बघितलं. "आईला विचारून येतो," म्हणाला आणि बिळात शिरला. त्याला कुणी शब्द विचारला नाही. मुलगा होता ना!

दवणी जरा थांबली. नवरा बाहेर येईना, गवत जवळ येत गेलं. मग ती आणि आत्या अशा पळाल्या की थेट माळावर पोचल्या.

इकडं दारात आवाज आला, अगदी मऊ, सावकाश.

"मॅक्झिमायझेशन."

बिळात पंजांवर अक्षरं मोजली गेली. एक्स होता. झेडही होता!

"बघा!" भागाबाईचा ऊर भरून आला. "याला म्हणतात संस्कार."

चवरी दारातच होती. ती मागं सरकली. "आई, ही वहिनी नाही. याला पाय नाहीत!"

"शब्द बरोबर आहे ना?"

"आहे, पण आई, हा संपतच नाहीये!"

"लांब आहे म्हणून संपत नाही. लांबीला घाबरणारी तू लांबकान्यांची कशी? सरक, पाहुण्यांना वाट दे."

पाहुणा आत आला. येतच राहिला. शेपटी आत यायच्या आधीच पंगतीवर डोकं पोचलं. बाहेर जायला दार एकच, आणि त्यात पाहुणा भरलेला. पुढचं सांगत नाही. तुम्हाला अजून जेवायचंय.

दुसऱ्या दिवशी जंगलभर बातमी झाली. लांबकान्यांचं कुळ बुडालं, असं कुणी म्हणालं नाही. सगळे म्हणाले, शब्द काय सुंदर होता! घराघरातल्या पोरांनी तो पाठ केला. आणि दोष कुणाला? दवणीला. "तिला तेवढा एक शब्द आला असता, तर परक्याला म्हणायची वेळ आली असती का?"

हे ऐकून दवणी माळावर रडली. कसाही असला तरी नवरा गेला होता. आत्यानं तिचे डोळे पुसले आणि म्हणाली, "घे, आता एक उखाणा घे. दार नाही, कुणी अडवणार नाही."

दवणीनं नाक ओढलं आणि घेतला.

"दवानं भिजली हरळी, माळावर आलं ऊन,
उंबऱ्याबाहेर ठेवली, म्हणून वाचली सून."

तात्पर्य: दारात आलेल्याचा शब्द तपासावा, दात तपासू नयेत. दात बघणारे अडाणी राहतात, आणि अडाणीच म्हातारे होतात.