फसव्या ईमेलची सहा लक्षणं

पाणी तपासणाऱ्या एका सरकारी प्रयोगशाळेत फसवे ईमेल ओळखण्याचं प्रशिक्षण झालं. प्रत्येकाला छापील तक्ता मिळाला. पाठवणारा अनोळखी, आपल्या नावाचा उल्लेख नाही, घाई, धमकी, पासवर्डची मागणी आणि दाबायला निळी लिंक, अशी सहा लक्षणं. बाकीच्यांनी तक्त्यावर चहाचे कप ठेवले. तीन वर्षं हंगामी असलेल्या मदतनीस मुलीने तो पाठ केला. तिला कायम व्हायचं होतं, आणि विज्ञान शिकल्यामुळे तक्त्यावर विश्वास ठेवायची सवयही होती.

आठवड्याने मेल आला. ‘प्रिय कर्मचारी, चोवीस तासांत लिंक दाबून पासवर्ड द्या, अन्यथा सेवा समाप्त.’ पत्ता अनोळखी. सहापैकी सहा लक्षणं. इतका शुद्ध नमुना प्रयोगशाळेतही क्वचित मिळतो. तरी नियमाप्रमाणे खात्री करायला तिने कार्यालयाच्या नंबरवर अकरा वेळा फोन केला. मग मेल सुरक्षा कक्षाकडे पाठवला आणि पुसून टाकला. कक्षाने तिला ‘दक्ष कर्मचारी’ असं प्रमाणपत्र दिलं.

तिसऱ्या दिवशी तिच्या कार्डाने दार उघडेना.

“तो तुम्हाला कायम केल्याचा आदेश होता,” आस्थापना अधिकारी म्हणाले. “तुम्ही स्वीकारला नाहीत.”

“पण साहेब, त्यात धमकी होती!”

“धमकी वाचूनही कळलं नाही, आपल्याच कार्यालयाचा आहे म्हणून?”

“मी फोनही केला. कुणी उचलला नाही.”

“म्हणजे नंबर बरोबर होता! अहो ताई, चोर असता तर पहिल्या घंटेला उचलला असता.”

तिने प्रमाणपत्र पुढे केलं. ते त्यांनी दोनदा वाचून फाइलला लावलं. “अजाणतेपणी चूक झाली असती तर पंधरा दिवसांची सवलत होती. तुम्ही दक्ष आहात. जाणूनबुजून नाकारलात.”

तिने अपील केलं. पारदर्शकतेसाठी कार्यालयाने अपीलदारांची नावं, पत्ते आणि तक्रारी संकेतस्थळावर टाकल्या.

दुसऱ्याच दिवशी मेल आला. तिच्या पूर्ण नावाने. ‘आपल्यावर अन्याय झाला. मनापासून क्षमस्व. आदेश पूर्ववत करण्यासाठी सवडीने माहिती भरावी. अडचण आल्यास फोन करा.’ तिने केला. पहिल्याच घंटेला उचलला गेला. पलीकडचा आवाज म्हणाला, “आधी शांत व्हा. तुमची काही चूक नाही.”

ती मेल घेऊन अधिकाऱ्यांकडे गेली. त्यांनी चष्माही लावला नाही.

“खोटा आहे. माफी मागितलीय.”

हे तिलाही माहीत होतं. बसमध्ये माहीत होतं, घराचं कुलूप उघडतानाही माहीत होतं. मग तिने टेबलाशी बसून एकेक रकाना भरला. शेवटच्या रकान्यात बँकेचा पासवर्ड. संध्याकाळपर्यंत खातं रिकामं झालं.

एवढी शिकलेली मुलगी, तिला कळायला नको? कळलं होतं. तुम्हाला एखाद्या कार्यालयाने शेवटचं क्षमस्व कधी म्हटलं, तेवढं आठवा. मग खुशाल हसा.