पोचलेला माणूस

डहाणूजवळच्या महालक्ष्मीच्या जत्रेला पायी चालत आलेल्या माणसाचं स्वागत धर्माकाका तांडेल अशा चेहऱ्यानं करतात, की त्या माणसाला वाटावं, आपल्या घरून काहीतरी वाईट निरोप आला आहे.

आमच्या सेवामंडळाचा मांडव देवळाकडे वळणाऱ्या रस्त्यावर असतो. चैत्रात उंबरगाव, वापी, वलसाडकडून माणसं हायवेनं चालत येतात. बाकीचे स्वयंसेवक त्यांना बघून "जय माताजी, या, या!" म्हणून ओरडतात, कुंकू लावतात, अंगावर पाकळ्या टाकतात. धर्माकाका ओरडत नाहीत. हसतही नाहीत. ते पुढे होऊन माणसाचा दंड धरतात, त्याच्या गळ्याची शीर किती उडते आहे ते बघतात आणि हलक्या आवाजात म्हणतात, "घाबरू नका. पोचलात. आता आधी बसा."

तोवर न घाबरलेला माणूस तेव्हा घाबरतो.

बसायला एक लांब फळी आहे. तिच्यासमोर कोमट पाण्याच्या पराती. पाय पाण्यात, हातात मीठ-साखरेचं लिंबूपाणी, मग पत्रावळीवर खिचडी. हे सगळं होईपर्यंत धर्माकाका कोणालाही देवळाकडे सोडत नाहीत. वलसाडच्या एका व्यापाऱ्यानं एकदा हात झटकला होता. "काका, माताजी सामे ऊभां छे ने तमे मने बेसाडो छो?"

"त्या उभ्याच हायेत," धर्माकाका म्हणाले. "त्यांना उभं राहायची सवय हाय. तुम्हाला नाय."

व्यापारी बसला. खिचडी दोनदा मागून घेतली.

मी या मांडवात पहिल्यांदा आलो तो जत्रेची बातमी करायला. दुसऱ्या वर्षी पाण्याच्या पिंपावर माणूस कमी होता, म्हणून उभा राहिलो, तो अजून तिथेच आहे. पिंपापासून फळी दहा हातांवर असल्यामुळे धर्माकाकांचं बोलणं मला आपोआप ऐकू येतं.

त्यांचा सिद्धांत एकच आहे: चालणारा माणूस धोक्यात नसतो, धोक्यात असतो तो पोचलेला. हा सिद्धांत त्यांनी समुद्रातून आणला आहे. डहाणूच्या किनाऱ्यावर त्यांनी आयुष्यभर बोट चालवली. "भर दर्यात बोट कोण बुडवत नाय," ते सांगतात. "तिथं सगळे जागे असतात. बोट फुटते ती खाडीच्या तोंडाशी. घर दिसतं, बायका किनाऱ्यावर दिसतात, पोरं हात हलवतात, आणि तांडेलाची नजर सुकाणूवरनं उडते. खाली वाळूचा बांध असतो. तो हात हलवत नाय."

मांडवात त्यांनी बोटीचा एक जाड दोर आणून बांधला आहे, रस्त्याच्या कडेच्या खांबापासून थेट फळीपर्यंत. येणाऱ्यानं तो धरून यायचं. दोराला खाऱ्या माशांचा वास आहे, आणि कितीही धुतला तरी तो जात नाही. मंडळाचे अध्यक्ष भरतभाई डहाणूत कापडाचं दुकान चालवतात आणि स्वभावानं शाकाहारी आहेत. ते दरवर्षी हा दोर काढायचा ठराव मांडतात. एका वर्षी सत्काराला बोलावलेले पाहुणे हार गळ्यात असताना दोरात पाय अडकून गुडघ्यावर आले. भरतभाई धावले. धर्माकाका जागेवरून म्हणाले, "दोर धरायचा असतो साहेब, ओलांडायचा नाय." पाहुण्यांनी पुढचं भाषण आटोपतं घेतलं, त्यामुळे ठराव त्याही वर्षी बारगळला.

आध्यात्मिक आधाराचं काम मंडळानं सावेबाईंकडे दिलं आहे. बाई कैनाडच्या, निवृत्त शिक्षिका. आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. फळीवर बसलेल्यांना त्या देवीच्या गोष्टी सांगतात आणि शेवटी म्हणतात, "मनापासून मागा. आई सगळं देते."

धर्माकाका परात बदलताना पुस्ती जोडतात, "देते. पण आजच देईल असं नाय. जेवून घ्या."

यावरून दोघांची दरवर्षी जुंपते.

"धर्माभाऊ, तुम्ही लोकांची श्रद्धा चढवायला बसलात की उतरवायला?"

"उतरवायला, बाई. तुम्ही चढवता ना? चढवलेला माल कोणीतरी उतरवायलाच लागतो."

"एवढं अशुभ बोलणारा सेवेकरी मी पाहिला नाही."

"मी कुठं अशुभ बोललो? मी खिचडी घ्या बोललो."

मांडवात माणसं नसली की धर्माकाकांची काळजी फोनवर चालते. तलासरीपलीकडून निघालेल्या पदयात्री संघांच्या म्होरक्यांचे नंबर त्यांच्याकडे असतात. "कुठपर्यंत आलात? ट्रकच्या बाजूनं चालू नका. देऊळ दिसलं की धावाल, धावू नका." एका म्होरक्यानं शेवटी हात टेकले. "काका, चालवाथी नहीं, तमारा फोनथी थाक लागे छे." काकांनी त्याचा अर्थ माणूस थकला आहे एवढाच घेतला आणि त्याला बसायला सांगितलं.

इतक्या वर्षांत धर्माकाका स्वतः दर्शनाला गेल्याचं कोणी पाहिलेलं नाही. मांडवातून कळस दिसतो. सकाळी ते त्याच्याकडे बघून हात जोडतात आणि परातींकडे वळतात. भरतभाईंना वाटायचं, ते पहाटे जाऊन येत असतील. मी एकदा विचारलं तेव्हा ते म्हणाले, "सुनील आला की जाऊ. दोघं मिळून जाऊ असं बोललोय देवीला."

सुनील त्यांचा मुलगा. गुजरातच्या बंदरातून सुटणाऱ्या मोठ्या बोटीवर तो खलाशी म्हणून गेला होता. आमच्या किनाऱ्यावरचे आणि झरी-सायवनकडचेही पुष्कळ तरुण जातात. बोटीनं पाण्यातली हद्द ओलांडली, निदान पलीकडच्यांचं म्हणणं तसं होतं, आणि सगळे खलाशी पाकिस्तानच्या तुरुंगात गेले. मी बातमीदार असल्यामुळे धर्माकाका मला रोज विचारत, "काय आलं?" मी म्हणे, "अजून नाही." ते "बरं" म्हणत. त्या "बरं"मध्ये निराशा असायला हवी होती. मला ती कधी ऐकू आली नाही. ऐकू यायचा तो सुटकेचा श्वास, आणि त्याचा अर्थ मला बरेच दिवस लागला नाही.

तो सावेबाईंनी सांगितला. सुनील आत असताना त्याची आई गेली. साधा ताप वाटला होता. सुनीलला हे कळवलेलं नव्हतं. पत्र पाठवता आलं असतं, बाई लिहून द्यायला तयार होत्या. धर्माकाकांनी नको म्हटलं. "वाचल्यावर त्याच्याजवळ बसेल कोण?" त्यांनी विचारलं होतं. 

म्हणजे मुलगा येण्याची वाट बघणारा हा माणूस मुलगा येण्यालाच सर्वांत जास्त घाबरत होता.

गेल्या चैत्रात, जत्रा भरात असताना, सुटकेची बातमी आली. सोडलेल्यांत सुनीलचं नाव होतं. मी धर्माकाकांना सांगितलं तेव्हा ते परात घासत होते. त्यांनी ती परात पुन्हा घासली, मग कोरडी केली, मग पुन्हा ओली केली. "नक्की?" असं त्यांनी दिवसभरात मला इतक्यांदा विचारलं, की संध्याकाळी मीच ऑफिसला फोन करून खात्री करून घेतली.

भरतभाईंचा आनंद मावेना. त्यांनी तिथल्या तिथे ढोल, बॅनर आणि हार ठरवले. "मांडवातच स्वागत करू. आपला मुलगा आहे, काका!"

"मांडवात करा," धर्माकाका म्हणाले. "ढोल नको."

"अरे, एवढी आनंदाची गोष्ट!"

"तेच बोलतोय मी."

मांडवात करायला ते का कबूल झाले, हे त्यांनी मला पिंपाजवळ येऊन सांगितलं. "घरी नेला तर दारातच कळेल. आई दारात नसेल ना. इथं फळी हाय, पाणी हाय. जेवेल तरी." मग थोड्या वेळानं म्हणाले, "किती लोकांना बसवलं मी. याला बसवता येईल ना?"

मी "येईल" म्हटलं. ते माझ्या गळ्याकडे बघत होते. त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही.

गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. सोबत सुटलेली झरीची दोन मुलं तलासरीतच उतरली होती. मांडवासमोर एकटा सुनील उतरला. अंगावर कोणीतरी दिलेला नवा, मापात मोठा शर्ट, हातात प्लास्टिकची पिशवी. ढोल नव्हता. पण माणसं होती. किनाऱ्यावरून टेम्पो भरून आले होते, यात्रेकरू थांबले होते, मोबाइल वर गेले होते. "सुनील! ए सुन्या! इकडे बघ!" भरतभाईंनी हार पुढे केला. सुनीलनं हाराकडे बघून दोन्ही हात तोंडावर घेतले आणि पाठ गाडीला टेकवली. गर्दी आणखी पुढे सरकली. खाडीच्या तोंडाशी बोट कशी फुटते, ते मी तेव्हा पाहिलं.

मी धर्माकाकांना शोधलं. ते खांबाशी होते. दोन्ही हातांनी दोर धरून. त्यांचे ओठ हलत होते, बहुधा तेच शब्द, पण आवाज नव्हता आणि पाऊलही उचलत नव्हतं.

"मागे व्हा!" सावेबाई कडाडल्या. शेवटच्या बाकापर्यंत जाणारा तो आवाज हायवेपर्यंत गेला. माणसं मागे झाली. बाईंनी भरतभाईंच्या हातातला हार घेऊन खुर्चीवर ठेवला, पुढे जाऊन सुनीलचा दंड धरला आणि एकदम आवाज खाली आणला.

"घाबरू नकोस. पोचलास. आता आधी बस."

सुनीलनं दोर धरला. दोर धरून येताना तो खांबाशी आला, तेव्हा बापाचे हात त्याच दोरावर होते. त्यानं त्यांच्याकडे बघितलं. दोराचा वास घेतला. "हा आपल्या बोटीचा," तो म्हणाला.

"धर्माभाऊ, तुम्ही पण चला," सावेबाई म्हणाल्या. "बसा." आणि सगळ्यांना बसवणाऱ्या त्या माणसाला त्यांनी त्याच्याच फळीवर बसवलं.

परात एकच ठेवली होती. सुनीलनं चपला काढून पाय आत सोडले. धर्माकाका तसेच बसून होते. मग त्यांनीही आपले पाय त्याच पाण्यात सोडले. मी लिंबूपाणी नेऊन दिलं. सुनीलनं ते एका दमात संपवलं, मांडवावर नजर फिरवली, बायकांच्या बाजूला जरा जास्त वेळ बघितलं आणि विचारलं, "आई नाय आली?"

धर्माकाकांनी खिचडीची पत्रावळ त्याच्या मांडीवर ठेवली. या वेळी आवाज निघाला.

"आधी जेव."

सुनील बापाकडे बघत राहिला.  मग त्यानं घास घेतला. घाई केली नाही. शीत न् शीत गोळा करून त्यानं सगळं संपवलं, परातीतल्या पाण्यात बोटं बुडवली आणि पत्रावळ दुमडून बाजूला ठेवली.

"जेवलो, बाबा," तो म्हणाला. "आता सांग."

सावेबाईंनी मला पिंपासकट मागे यायची खूण केली. भरतभाई बॅनर गुंडाळू लागले. पुढचं आम्ही ऐकलं नाही. पाठीमागून एवढंच दिसत होतं, की दोघं खांद्याला खांदा लावून बसले आहेत आणि पाणी गार झालं तरी पाय काढत नाहीत.

तेवढ्यात हायवेवरून वापीचा एक संघ वळला. देऊळ दिसताच पुढच्या बायका धावायला लागल्या. धर्माकाकांनी मान वर केली नाही. सावेबाई पुढे झाल्या. त्यांनी पहिल्या बाईच्या हातात दोर दिला आणि "आई सगळं देते" म्हणायला तोंड उघडलं. मग मिटलं.

"या," त्या म्हणाल्या. "पोचलात. त्या फळीवर नको, इकडे सतरंजीवर बसा. आधी बसा."