मिल्काबाईंनी चिनी देवीचे दार राखिले त्याची हकीकत

श्री. बंदरपेठेत जितकी देवळे, मशिदी, अग्याऱ्या, गिरजे आणि प्रार्थनामंदिरे आहेत, त्यांचे धनी निरनिराळे की एकच, हे लिहिणारास ठाऊक नाही. जे कोणी असतील त्या सर्वांस नमस्कार करून लेखणी उचलिली असे. सरकारातून हुकूम जाहला की, बंदरपेठेत नाना देशींहून आलेले थोडके थोडके लोक पिढ्यान्‌पिढ्या नांदतात, त्यांचा वारसा काय, चालीरीती काय, हे शोधून लिहून धाडणे. त्याजवरून सेवक पेठेत फिरला. इराण्याच्या भट्टीचा पाव खाल्ला, हबशांचे ढोल ऐकिले, आर्मेनी व्यापाऱ्यांची थडगी पाहिली, आणि वृद्ध माणसे भेटतील त्यांस पुसत चालला की, तुमचे पेठेत जतन करावे ऐसे काय आहे. तो ज्यास पुसावे त्याने लाल दाराच्या चिनी देवळाकडे बोट करावे आणि मिल्काबाईंचे नाव घ्यावे. मग बाकीचे मागे ठेवून हेच आधी लिहिले.

शके अठराशे चौऱ्यांशी, शुभकृत् नाम संवत्सरे, कार्तिक मासी, डोंगरापलीकडील चिनी राज्याचे आणि आपल्या राज्याचे युद्ध पेटले. संवत्सराचे नाव शुभकृत्, परंतु शुभ काही जाहले नाही. आपली फौज मागे हटली आणि राजधानीत संशय बळावला. ते समयी पेठेत चिनी कुळे थोडीच होती. त्यांत लियांग फूशेंग म्हणून दंतवैद्य होते. त्यांचा जन्म याच पेठेतला. मराठी अशी बोलत की पाठमोरे उभे असता कोणी चिनी म्हणू नये. स्त्री यूलानबाई, आणि कन्या स्यूमेई, तीस पेठ सुमी म्हणे. लियांगांच्या वडिलांनी दर्यावर्दी लोकांस राखणाऱ्या देवीचे लहानसे देऊळ बांधिले होते, त्याची पूजा लियांगांकडे चाले. शेजारी मिल्काबाई किहीमकर राहत. त्या बेने इस्राएल, म्हणजे जे यहुदी लोक पूर्वी कोकणात उतरले आणि तेलाचे घाणे चालवून मराठी जाहले, त्यांपैकी. यजमान वारले होते, पुत्र एझ्रा गोदीत चाकरीस होता.

एके सकाळी सरकारी शिपाई आले आणि लियांगांस म्हणाले, तुम्ही शत्रूचे वंशज, वाळवंटातील छावणीत नेण्याचा हुकूम आहे, बोचके बांधा. लियांगांनी हुज्जत घातली नाही. यूलानबाईंनी चुलीवरचा भात तसाच उतरविला. मग लियांग देवळाची किल्ली घेऊन मिल्काबाईंकडे आले आणि म्हणाले, "मिल्काबाई, आम्ही परत कधी येऊ ठाऊक नाही. मूर्ती तेवढी तुमच्या घरी ठेवा. नाहीतर लोक फोडतील."

मिल्काबाई बहुत संकटात पडल्या. शेजारधर्म एकीकडे आणि आपला धर्म एकीकडे. मग बोलल्या, "डाक्तर, मूर्ती मला घरात घेता येत नाही. आमच्यात ते मोठं पाप. मी आतसुद्धा पाऊल टाकणार नाही, खोटं कशाला सांगू? पण दाराबाहेर पायरीवर बसायला कुठलाच धर्म आड येत नाही. तुम्ही जा. मी बसते."

लियांगांनी किल्ली त्यांच्या हाती दिली. सुमी गाडीत चढेना, तेव्हा मिल्काबाईंनी तीस उचलून आईशेजारी बसविले. गाडी वळणावरून दिसेनाशी जाहली आणि मग बाई पाट घेऊन देवळाच्या पायरीवर जाऊन बसल्या.

तिसरे प्रहरी तालमीचे लोक काठ्या घेऊन आले. पुढे दामू बोंद्रे वस्ताद होते. ते वाईट मनुष्य नव्हते. त्यांचा भाचा फौजेत होता आणि त्याची खबर येत नव्हती, त्याने डोके फिरले होते. म्हणाले, "मिल्काकाकी, उठा. शत्रूचं देऊळ आहे, आज ठेवत नाही." मिल्काबाई उठल्या नाहीत. म्हणाल्या, "फोड. पण आधी तुझा तो सोन्याचा दात काढून इथं ठेव. तोही शत्रूनंच बसवलाय." मागचे काही लोक हसले. वस्तादांचा हात आपोआप तोंडाकडे गेला. तितक्यात मागून कोणी दगड टाकिला, तो बाईंच्या खांद्यास लागला आणि त्या पायरीवर कलंडल्या. तेव्हा वस्ताद लोकांकडे फिरून गरजले, "कुणी मारला तो? म्हातारीवर हात टाकायला आलो का आपण?" आणि स्वतः बाईंस उठवून बसविले. बाईंनी पदर सारखा केला आणि हळू आवाजाने पुसिले, "भाच्याचं काही कळलं का रे?" वस्ताद माघारी फिरले. लोक पांगले. पुन्हा त्या दाराशी काठी घेऊन कोणी आला नाही.

देऊळ वाचले, परंतु आत दिवा लावावा कोणी हा पेच राहिला. बाई लावीत ना. तेव्हा चांगुणा कोळीण, जी मासळीची पाटी घेऊन गल्लीत येई, ती म्हणाली, "दर्यावर गेलेल्यांना सांभाळते ना ही? मग ती आमचीच. नाव काय का असेना." आणि मिल्काबाईंनी कुलूप काढावे, चांगुणेने आत जाऊन दिवा लावावा, अशी वहिवाट पडली. यावर यहुदी प्रार्थनामंदिरातील वडील मंडळी रुष्ट जाहली आणि बाईंस बोलावून म्हणाली, मूर्तीच्या दारी बसता हे ठीक नव्हे. बाई म्हणाल्या, "मी मूर्तीकडे पाठ करून बसते. तोंड रस्त्याकडे असतं." मंडळींनी एकमेकांकडे पाहिले आणि विषय सोडिला.

मग पुढे असे जाहले की, यहुदी लोकांचे पूर्वजांच्या मुलखात नवे राज्य उभे राहिले होते, तिकडे पेठेतील कुळे एकेक करून जाऊ लागली. एझ्रानेही जाण्याचे ठरविले आणि आईचाही परवाना आणिला. बाई म्हणाल्या, "तू हो पुढं. डाक्तर आले की येते." एझ्रा संतापला. म्हणाला, "ते येणारच नसतील तर? आई, आपल्या बापजाद्यांची माती बोलावतेय आणि तू दुसऱ्याच्या देवळाच्या पायरीवर बसणार?" बाई म्हणाल्या, "शब्द दिलाय रे. शब्द मोडून त्या मातीवर पाय कसा ठेवू?" एझ्रा रडला आणि एकटाच गेला. त्या दिवशी बाईंनी चूल पेटविली नाही. चांगुणेस समजले, तेव्हा खवल्यांचाच मासा निवडून, कारण बिनखवल्याचा त्यांस चालत नसे, कालवण करून आणिले आणि ताट पुढे ठेवून जवळ बसली. बाई पुष्कळ वेळाने जेवल्या. त्याच सुमारास त्यांनी एलियाहू हनाबी, जो त्यांच्या लोकांचा नवसास पावणारा पैगंबर, त्यास नवस केला की, शेजारी सुखरूप घरी येऊ देत, मलिदा करीन.

किती वर्षे लोटली ती पेठेतील कोणी एकसारखी सांगत नाही. परंतु एके दुपारी पांढऱ्या केसांचा एक गृहस्थ आणि एक उंच मुलगी गल्लीत उभी राहिली, आणि बाईंनी आधी मुलीस ओळखिले. जवळ जाऊन पुसिले, "आणि यूलानबाई?" सुमी म्हणाली, "आई तिकडेच राहिली." छावणीत तापाने गेली, हे पेठेस मागाहून कळले. बाई मुलीस पोटाशी धरून गल्लीतच उभ्या राहिल्या. लियांगांचा दवाखाना सरकारने दुसऱ्यास दिला होता. राहते घरही गेले होते. देऊळ मात्र होते तसे होते. बाईंनी किल्ली परत दिली, आणि लियांग आत गेले ते बहुत वेळ बाहेर आले नाहीत.

मग नवस फिटला. मिल्काबाईंनी मलिदा केला. गोड पोहे, खोबरे, फळे ताटात रचिली आणि एलियाहू हनाबीचे नाव घेतले. लियांग आणि सुमी यांस सोबत बसविले, चांगुणा आली, दामू वस्तादही दाराशी येऊन उभे राहिले. त्यांचा भाचा युद्धातून परतला नव्हता. लियांगांनी त्यांस पाहिले आणि सरकून जागा करून दिली. दोघांनी फळ एकाच ताटातले खाल्ले.

आता बाईंस पुत्राकडे जाणे आले. गलबत ठरले. तेव्हा लियांग येऊन म्हणाले, "मिल्काबाई, आमच्यात कोणी लांबच्या दर्यावर निघालं तर देवीला धक्क्यावर नेतात. तुमच्यासाठी आणायची इच्छा आहे. पण तुमच्या धर्माला बाधणार असेल तर नाही आणणार."

बाईंनी हातातले बोचके बांधून बाजूस ठेविले. मग म्हणाल्या, "देवी तुमची, आणायची तर आणा. मी गलबतावरून तुमच्याकडे बघणार, निरोप घ्यायला. मध्ये आणखी कोणी दिसलं तर माझा काय इलाज?"

निघण्याचे दिवशी पेठ धक्क्यावर लोटली. लियांगांनी मूर्ती छातीशी धरून आणिली, सुमीने उदबत्त्या धरिल्या. मिल्काबाई कठड्याशी उभ्या होत्या. इतकी वर्षे जिचे दार राखिले तिचे मुख त्यांनी तेव्हा पहिल्याने पाहिले. हात जोडिले नाहीत. गलबत सुटले तरी नजर काढिली नाही, आणि शेजारच्या उतारूस म्हणाल्या, "आमच्या शेजाऱ्यांची आहे. चेहरा चांगला आहे हो, दमलेल्या बाईसारखा."

ऐशी ही हकीकत. मिल्काबाई पुत्राकडे काही वर्षे नांदून तिकडेच निवर्तल्या. लियांग पेठेतच वारले. देऊळ आता सुमीबाई पाहतात. सरकारने वारसा पुसिला. सेवकास आढळला तो येणेप्रमाणे. अधिक लिहिण्याजोगे पेठेत पुष्कळ आहे, परंतु याहून मोठे काही सापडले नाही.