दुफीची लाल फुली

दुफीला घानातल्या कुमासी शहराच्या एका गल्लीतल्या गटाराचा उतार मोजायचा होता. एका पक्क्या खुणेपासून निघायचं, गल्लीला वळसा घालून पुन्हा त्याच खुणेवर यायचं. आकडा जुळला तर सर्वेक्षणाची परीक्षा पास, नाही तर वर्ष गेलं. खुणेसाठी विद्यापीठाच्या कोठारात लाल रंगच शिल्लक होता. तिने कोनादूमावशीच्या खाणावळीच्या भिंतीवर ठसठशीत लाल फुली मारली.

लाल फुलीचं घर नगरपालिका पाडते, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. दुफीलाही माहीत होतं. पण डोळ्याला दुर्बीण लागली की शिकलेल्या माणसाला घरं दिसत नाहीत, उतार दिसतो.

ती कोपऱ्यावरून वळली आणि जेवणाच्या गोळ्यांसाठी उकडलेल्या कंदांचा फुफू कांडणारी मावशी मुसळासकट बाहेर आली.

"अगं बाई! पाडणार!"

शेजारच्या ओपोकू सुताराने काही विचारलं नाही. शिडी लावली आणि स्वतःच्याच छपराचे पत्रे उचकटायला लागला.

"मेल्या, फुली माझ्या भिंतीवर आहे!"

"बुलडोझरला वाचता येतं का, मावशे? पत्रे तरी वाचवतो."

ओपोकूचे पत्रे निघाले म्हटल्यावर बातमी पक्कीच झाली. गल्लीत खाटा आल्या, पातेली आली, एक म्हातारेबुवा खुर्चीसकट आले. कुणीतरी नगरसेवक ओसेईंना फोन लावला. गटार तुंबून पोरं आजारी पडली तेव्हा हा माणूस फोन उचलत नव्हता. आज फुफू गार व्हायच्या आत हजर!

"मी जिवंत असेपर्यंत इथली एक वीट हलणार नाही!" ओसेई गरजले आणि पुरावा म्हणून मावशीची अख्खी भिंत चुन्याने पांढरी करवली. वर स्वतःचं नाव.

दुफी शेवटचं माप घ्यायला परत आली. भिंत ओली होती.

"मावशी, इथे माझी फुली होती."

"तुझी?"

ओपोकू छपरावरून, म्हणजे जिथे छप्पर होतं तिथून, खाली बघत राहिला.

"उतर रे," मावशी म्हणाली. "पाडणारी आली बघ. पाठीला पिशवी आहे."

ओसेईंनी दुफीला बाजूला ओढलं. "तोंड उघडू नकोस. मी नगरपालिकेला हरवलंय. एका पोरीला हरवलं असं सांगू लोकांना?"

आणि आता गल्ली हसेल या धास्तीने त्यांनी तिथल्या तिथे नवं गटार जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी खोदाई खरोखर सुरू झाली.

प्राध्यापक बोआतेंग यांनी दुफीचे कागद परत केले. "खूण नाही, तर मोजणी नाही. एक संधी देतो. दुसरी गल्ली शोध."

"यंत्र बघून लोक दारं लावतात, सर."

"तो तुझा प्रश्न."

ती बाहेर आली तर फाटकाशी कोनादूमावशीच्या मागच्या गल्लीतल्या बायका उभ्या.

"फुलीवाली तूच ना गं? आमचं गटार त्यांच्याहून घाण आहे. चल, माझ्या भिंतीवर मार."

"येते, काकू. पण या वेळी पांढरी मारणार."

बाईने तिला आपादमस्तक न्याहाळलं.

"शिकलीस ना एवढी? पांढरी फुली बघून कुठला साहेब येतो गं?"