जयसिंगरावांचा सोलो अखंड ऐकिला त्याची हकिकत

श्रीगजाननाचे कृपेंकरून, शके एकोणीसशें एकोणचाळीस, हेमलंबीनाम संवत्सरीं, मार्गशीर्ष वद्यपक्षीं रविवारीं, पुणें शहराचे पूर्वेस खराडी मुक्कामीं जें घडलें तें यथास्थित लिहून ठेवावें, कारण पुढें कोणी "हें खरें कशावरून" ऐसें पुसेल, आणि पुण्यांत पुसल्यावांचून कोणी राहात नाहीं, ऐसा हुकूम व्हॉट्सॲप समूहाचे अधिपती माधवराव यांणीं या सेवकास केला. सेवकानें अर्ज केला कीं मजकूर मोठा आहे. त्यावर फर्मान आलें कीं लांबवूं नका, लोक मोबाइलवर वाचितात. आज्ञा शिरीं धरून लिहितों. पाल्हाळ जाहल्यास तो प्रसंगाचा दोष, सेवकाचा नव्हे.

तर पुण्यांत वज्रमूठ नामें रॉक वाजविणारी पांच असामींची टोळी आहे. तिचे सरनौबत गोपाळकृष्ण, गाणारे. स्पीकर त्यांचे, मिक्सर त्यांचा, सामान वाहणारा टेम्पो त्यांचा, यास्तव बँडही त्यांचा. मनुष्य दिलदार, आवाज बरा, केस उत्तम, परंतु तोंड मिटून उभें राहणें हें त्यांस लहानपणापासून साधलें नाहीं. त्यांचे डावे हातास, दोन पावलें मागें, दिव्याचा उजेड जेथें पोहोंचत नाहीं ऐशा जागीं, जयसिंगराव गिटार घेऊन उभे असत. हे खडकीस दारूगोळ्याचे कारखान्यांत नकाशे काढण्याचे कामावर. बोलणें कमी, हांसणें त्याहून कमी, आणि वाजविणें ऐसें कीं एकदां समोर उभें राहून ऐकिलें तो मनुष्य दुसरे दिवशीं कचेरींत काम करूं शकत नसे. रेकॉर्डिंगांत तें उतरत नाहीं. माधवरावांनीं उतरवून पाहिलें, तर डबा वाजविल्यासारखें आलें. तें समक्षच ऐकावें लागतें आणि समक्ष ऐकावयास जावें तर आड येत गोपाळकृष्ण.

तें कैसें, तर ऐका. वज्रमुठीचें जें थोरलें गाणें, त्यांत मध्येंच गाणारा थांबतो आणि गिटार एकटी तीन मिनिटें अकरा सेकंद वाजते. त्यास सोलो म्हणतात. तितका वेळ गोपाळकृष्णांस काम नाहीं, आणि हातांत माईक आहे. मग ते पुसत, "पुणेकर, आवाज कुठंय?" मग प्रायोजकांचे आभार मानीत, मग पांढऱ्या गाडीनें गेट अडविलें आहे ती काढावी ऐसें जाहीर करीत, मग टोळीची ओळख करून देत आणि शेवटीं म्हणत, "आणि गिटारवर कोण, त्यांचं नाव सांगायची गरजच नाही." तें नांव मग खरेंच सांगत नसत. ऐसीं अकरा वर्षें गेलीं. माधवरावांपाशीं दर कार्यक्रमाची टिपणें आहेत, त्यांत सोलो निर्वेध ऐकूं आल्याचा सर्वांत मोठा काळ चौदा सेकंद लिहिला आहे, आणि तेव्हां गोपाळकृष्ण पाणी पीत होते.

जयसिंगरावांचे कैवारी चार. पहिले माधवराव, खराडीस संगणकाचे चाकरींत. दुसरे मन्सूरमियां, बुधवार पेठेंत ॲम्प्लिफायर दुरुस्तीचें दुकान, कान ऐसा कीं तार सैल जाहली तें तार लावणाऱ्याचे आधीं यांस कळे. तिसऱ्या शकूबाई, जयसिंगरावांचेच कारखान्यांत हजेरी विभागावर. चौथे दत्तोबा, वय सत्तर, पेठेंतील एका वाचनालयाचे चाळीस वर्षें कार्यवाह. हे पूर्वीं एका स्नेहसंमेलनांत "आवाज बंद करा" ऐसें सांगावयास तावातावानें गेले, तों सोलो चालू होता. तेथेंच खुर्ची ओढून बसले, तक्रार करावयाची राहिली ती आजतागायत राहिली आहे.

या चौघांनीं पूर्वीं तीन मोहिमा काढिल्या आणि तिन्हींत शिकस्त खाल्ली. पहिलींत माधवराव वकील होऊन गोपाळकृष्णांकडे गेले आणि सोलोच्या वेळीं बोलूं नये ऐसी विनंती केली. ती त्यांणीं तत्काळ मान्य केली, आणि पुढील सोलो सुरू होतांच माईकवरून सांगितलें कीं आपले एक मित्र म्हणतात सोलो शांतपणें ऐकावा, आणि शांतपणें कां ऐकावा हें तीन मिनिटें विस्तारानें समजाविलें. दुसरींत मन्सूरमियांनीं माईकमध्यें संपत आलेली बॅटरी घातली. ऐन वेळीं माईक गप्प जाहला, तेव्हां गोपाळकृष्णांनीं ड्रमवाल्याचा माईक ओढून घेतला आणि बॅटरी कोणतीही असली तरी चालत नाहीं यावर बोलले. तिसरींत चौघांनीं ठराव केला कीं सोलो सुरू होतांच ऐसा जयजयकार करावा कीं गाणाऱ्याचें कांहीं चालूं नये. तो केला. त्यांत गाणारा ऐकूं आला नाहीं आणि गिटारही ऐकूं आली नाहीं. 

मग मार्गशीर्षांत जयसिंगरावांचा खलिता समूहावर आला. मजकूर एवढाच, "रविवारी खराडीला शेवटचं. नंतर थांबतो. घराची डागडुजी राहिलीय." शकूबाईंनीं दुसरे दिवशीं कारखान्यांत समक्ष जाऊन पुसलें, तेव्हां त्यांणीं नकाशावरची मान वर न करतां सांगितलें, "अहो, ऐकू जात नसेल तर वाजवायचं कशाला? भिंतीला रंग दिला तर निदान दिसतो तरी." हें शकूबाईंनीं समूहावर जैसेंच्या तैसें लिहिलें.  मनुष्य अकरा वर्षें वाजवितो आणि कोणास ऐकूं जात नाहीं, तर त्याचा दोष कोणाचा हें तरी ठरावें, ऐसें सेवकास वाटलें.

बुधवारीं मन्सूरमियांचे दुकानीं मसलत बसली. उघड्या ॲम्प्लिफायरांमध्यें चहाचे पेले ठेविले. कोणी म्हणे मिक्सरची तारच काढावी, कोणी म्हणे टेम्पोच पंक्चर करावा, परंतु टेम्पो पंक्चर तर गिटारही नाहीं. इतक्यांत दत्तोबा, जे तोंवर बिस्किटाचे डब्याची झांकणी उघडीत होते, ते म्हणाले, "तुम्ही सगळे त्याचं तोंड बंद करायला बघताय. ते होणार नाही. हात भरा." आणि मग खुलासा केला कीं पुण्यांत जन्मलेला मनुष्य सर्व कांहीं नाकारील, परंतु आपला सत्कार नाकारणार नाहीं. सोलो सुरू होतांच मंचावर चढावें आणि गोपाळकृष्णांचा सत्कार आरंभावा. शाल, श्रीफळ, पगडी, पुष्पगुच्छ, मानपत्राची चौकट. एवढें हातीं आल्यावर माईक कशानें धरील? हें ऐकून मन्सूरमियांनीं सोल्डरिंगची सळई खालीं ठेविली आणि दत्तोबांस हात जोडिले.

मग माधवरावांनीं शंका काढिली, आणि ती खरी होती. सत्कार म्हटला कीं सत्कार करणारा दोन शब्द बोलतो, आणि दत्तोबांनीं आजवर सातशें सत्कार घडविले, त्यांत एकही न बोलतां घडविला नाहीं. गोपाळकृष्णांस गप्प करून दत्तोबांनींच सोलो बुडविला तर काय मिळविलें? दत्तोबांचा चेहरा उतरला. बिस्किटाचे डब्यास झांकण लाविलें. मग म्हणाले, "नाही बोलणार." शकूबाईंनीं शपथ घेण्यास सांगितलें, ती त्यांणीं वाचनालयाचे नांवें घेतली. तरी शकूबाईंनीं पिशवींत पेढ्यांचा पुडा घेतला. कां घेतला हें कोणास सांगितलें नाहीं.

रविवारीं सायंकाळीं पांच वाजतां खराडीस एका संगणक कंपनीचे आवारांत वार्षिक मेळा भरला. गळ्यांत पट्टे घातलेली हजार माणसें, पावभाजीचे तवे, मुलांचें उड्या मारण्याचें फुगीर घर. ऐकणारे थोडे, खाणारे फार. सहास दहा मिनिटें असतां थोरलें गाणें लागलें, दुसरें कडवें संपलें, जयसिंगरावांनीं पहिला सूर ओढिला, आणि गोपाळकृष्णांनीं माईक तोंडाशीं नेऊन "पुणेकर," एवढें म्हटलें. तोंच डावीकडून जिना चढून चार असामी ताटें घेऊन मंचावर दाखल.

शकूबाईंनीं प्रथम "धरते मी" ऐसें म्हणून अदबीनें माईक काढून घेतला आणि स्टँडास लाविला. सरनौबत आधीं चपापले, परंतु शाल दिसतांच खांदे आपसूक पुढें आले. शाल चौघडी होती, ती शकूबाईंनीं एकेक घडी उलगडीत नेली, तींत चाळीस सेकंद गेले. मग मन्सूरमियांनीं श्रीफळ दिलें, तें उजवे हातीं. पुष्पगुच्छ डावे हातीं. चौकट कांखेंत. मग माधवरावांनीं पगडी घातली, ती दोन मापें मोठी आणिली होती, ती भुंवयांवरून खालीं डोळ्यांवर आली. गोपाळकृष्ण पगडीखालून कांहीं म्हणाले. हजार माणसांत तें कोणास ऐकूं गेलें नाहीं. मग मन्सूरमियांनीं मोबाइल काढून फोटोची खूण केली, आणि फोटो म्हटल्यावर सत्कारमूर्ती हालली नाहीं.

आणि गिटार वाजूं लागली. दुसरें कांहीं ऐकावयास नव्हतें, म्हणून लोकांनीं ती ऐकिली. जयसिंगरावांनीं आधीं मान वर करून पाहिलें कीं आज हें काय चाललें आहे, मग डोळे मिटिले. हात सावकाश चालला, मग भरधाव चालला, मग एका सुरावर तार ओढून धरिली, ती इतका वेळ धरिली कीं तव्यावर पाव भाजणारा पाव उलटावयाचा विसरला. गळ्यांतले पट्टे एकामागून एक मंचाकडे वळले. जो रडत होता तो सूर, परंतु शकूबाईंचेही डोळे भरले, आणि सेवक लपवीत नाहीं, लिहितांनाही भरून येतें.

अडीच मिनिटें जाहलीं तेव्हां संकट उभें राहिलें. स्टँडावरचा माईक दत्तोबांचे तोंडापासून वीतभर अंतरावर होता. समोर हजार श्रोते, खांद्यावर शाल घेतलेली सत्कारमूर्ती, आणि चाळीस वर्षांची संवय. दत्तोबांचा गळा खांकरला. ओंठ उघडले. "आज या ठिकाणी," ऐसे तीन शब्द जिभेवर आले, तोंच शकूबाईंनीं पेढा कोंबिला. तो गिळेपर्यंत दुसरा कोंबिला. ऐसे सहा पेढे खर्चीं पडले. दत्तोबांस मधुमेह आहे, तरी त्यांणीं एक अक्षर उच्चारलें नाहीं, हें त्यांचें शौर्य या ठिकाणीं नमूद करितों.

तीन मिनिटें अकरा सेकंद पुरे जाहले. आवारांत टाळ्या जाहल्या, त्या ऐशा कीं फुगीर घरांतलीं मुलें बाहेर आलीं. मग सत्काराला उत्तर देणें हें गोपाळकृष्णांस प्राप्त जाहलें. पगडी वर सारून त्यांणीं सव्वीस मिनिटें उत्तर दिलें, त्यांत पुढलीं दोन गाणीं गेलीं. चौघे पहिल्या रांगेंत बसून शेवटपर्यंत ऐकत होते, आणि चार ठिकाणीं टाळ्याही वाजविल्या. तह म्हटला कीं इतकें सोसावें लागतें.

मग चौघे मंचामागें गेले. जयसिंगराव वायरी गुंडाळीत होते.  मन्सूरमियांनीं पुसलें, कैसें वाटलें. जयसिंगरावांनीं वायर नीट गुंडाळून पेटींत ठेविली, पेटीचा खटका लाविला, मग म्हणाले, "दुसरी तार उतरली होती, मधेच. तुम्हाला कळलंच असेल." मन्सूरमियांस कळलें होतें. ते म्हणाले, नाहीं बुवा. जयसिंगराव क्षणभर त्यांचेकडे पाहात राहिले, मग पेटी उचलिली आणि जातां जातां म्हणाले, "पुढच्या वेळी नीट वाजवतो."

पुढच्या वेळी हे दोन शब्द चौघांचे समक्ष, खराडी मुक्कामीं, सायंकाळीं सात वाजून पांच मिनिटांनीं उच्चारिले गेले. माधवरावांनीं ते वेळेसह टिपून घेतले, दत्तोबांनीं, त्यांस आतां बोलण्याची मोकळीक असतां, कांहीं न बोलतां नुसती मान डोलाविली. मोहीम फत्ते जाहली. हें खरें.