राघो भोयेचा पट्टा

राघो भोये पट्टा निवडायला बसला, तेव्हा घरातली एकही लांबट वस्तू सुरक्षित राहिली नाही. संस्थान विलीन झालं, तसा जव्हारच्या कचेरीतला हा कारकून मोखाड्याला महालकरी साहेबांच्या हाताखाली गेला. बायको कमळा आणि तान्हं पोर जव्हारजवळ जामसरलाच राहिलं. आता प्रजासत्ताक दिनाला जव्हारच्या मैदानावर नेमबाजीची स्पर्धा होती आणि बक्षीस द्यायला जव्हारचे मामलेदार येणार होते. पेला जिंकायचा, मामलेदारांच्या नजरेत भरायचं आणि जव्हारला बदली मागायची, असा राघोचा सरळ बेत होता.

अडचण हाताची होती. पालथं पडून नेम धरला की नळी डुलायची. त्यावर उपाय पट्टा. एक टोक डाव्या दंडाला, दुसरं बंदुकीच्या कडीला. पट्टा ताणला की हात जागचा हलत नाही. बंदुकीला टेकू द्यायला नियमात बंदी होती, पट्ट्याला नव्हती.

रजेवर जामसरला आला, तेव्हा संस्थानी पागेच्या लिलावातलं रिकिबीचं चामडं त्याने एरंडेल चोळून मऊ केलं. ते इतकं मऊ झालं की दंडावरून घसरून मनगटाशी आलं. मग खाटेची निवार सोडली. ती हात धरायची, पण दंड सोलून काढायची. शिवाय निजायची पंचाईत झाली.

"पोराला पाठीशी बांधते ते फडकं न्या," कमळा म्हणाली. "पावसात दिवसभर भाताची लावणी करते, पोर तसूभर हलत नाय."

"चारचौघांत फडकं बांधू? लोक हसतील."

"हसू दे. खाट मोडली तेव्हा मी नाय हसले?"

स्पर्धेच्या सकाळी कमळाने स्वतःच्या हाताने त्याचा दंड आणि बंदुकीची कडी फडक्याने जखडली, गाठ मारली आणि पोराला कडेवर घेऊन बाजारात धोंडीबाई मावशीकडे निघून गेली. लोक हसले. राघोच्या गोळ्या काळ्या ठिपक्यात जाऊ लागल्या, तसे गप्प झाले.

राघो उठला. बंदूकही उठली. गाठ सुटेना.

कचेरीतल्या लक्ष्या शिपायाने ओढून पाहिली, दातांनी धरून पाहिली. गाठ आणखी आवळली.

"चाकू आणा," पंच म्हणाले. पंच म्हणजे शाळेचे हेडमास्तर.

"नको, मास्तर! पोराच्या फडक्याला पातं लावत नाहीत आमच्यात. कमळा घरात घ्यायची नाय."

लक्ष्या कमळाला शोधायला बाजारात पळाला. पण स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाकडे सरळ गोळी टाकणारी बंदूक ती एकच, आणि पुढचा नंबर महालकरी साहेबांचा. साहेब मैदानात येऊन उभे राहिले. त्यांनी बंदुकीकडे पाहिलं, मग तिला लागून असलेल्या राघोकडे.

"आडवा हो," ते म्हणाले.

राघो पालथा पडला. साहेब त्याला चिकटून पडले, दस्त्याला गाल लावला आणि चापावर बोट ठेवलं.

"साहेब, बंदुकीला टेकू चालत नाही," पंच चाचरत म्हणाले.

"टेकू कुठे आहे? हा माझा पट्टा आहे. पट्टा कोणता असावा, हे नियमात लिहिलंय का?"

लिहिलेलं नव्हतं.

राघोच्या मनात आलं, कोपर जरासं हलवलं तर गोळी रानात जाईल आणि पेला आपला. पण बदलीचा अर्ज मामलेदारांकडे जाणार तो याच साहेबांच्या शिफारशीने. राघोने श्वास रोखला आणि बदलीसाठी दगडासारखा पडून राहिला. साहेबांना काही पेलायचं नव्हतंच, नुसतं बोट दाबायचं होतं. त्यांच्या गोळ्या राघोच्यापेक्षा आत गेल्या.

पेला देताना मामलेदार हसून म्हणाले, "तुमचा हा माणूस फार स्थिर आहे हो. आम्हाला जव्हारला द्या की."

राघोचा चेहरा उजळला.

"वा!" साहेब पेला काखेत धरत म्हणाले. "मग पुढच्या वर्षी मी काय दंडाला बांधू? राघो, बदलीचं डोक्यातून काढून टाक. तुझ्यावाचून माझं अडेल."

एवढ्यात कमळा आली. तिने गाठीत अंगठा घालून झटका दिला. गाठ सुटली.

"पेला?"

"साहेबांना."

"आन् बदली?"

राघो बधिर झालेला हात चोळत राहिला. कमळाने त्याच्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. मग फडकं झटकून पोर पाठीशी घेतलं.

"मोखाड्याची गाडी कधी सुटते?" ती म्हणाली. "मी पण येते. तुम्हाला रोज सोडवायला कोणीतरी लागंल."